माझा फोटो लावून डेटिंग अ‍ॅपवर खोटं प्रोफाइल, मदत हवी आहे

मी लालबागला राहते. डेटिंग अ‍ॅप कधीच वापरलेलं नाही, पण शनिवारी मैत्रिणीला तिच्या अ‍ॅपवर माझा फोटो दिसला. नाव भलतंच, फोटो माझाच, दिवाळीतला, हिरव्या नऊवारीतला. शेजारी आई होती, तिला कापलंय; माझ्या खांद्यावरचा तिचा बांगड्यांचा हात मात्र तसाच राहिलाय. ते बघून पोटात गोळाच आला.

मैत्रिणीने स्क्रीनशॉट काढून प्रोफाइल रिपोर्ट केलं. ते गेलं, पण दोन दिवसांत तोच फोटो नव्या नावाने परत आला. माझं खातंच नाही, त्यामुळे मला अ‍ॅपमधून तक्रार करता येत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केलाय, उत्तर नाही. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून क्रमांक घेतलाय. पैसे गेलेले नाहीत, म्हणून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला नाही. इन्स्टाग्राम प्रायव्हेट केलंय. घरी अजून बोलले नाही, आधी नीट माहिती हवी.

मुंबईत कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा: आयटी कायद्याच्या कलम ६६ सी (ओळख चोरी) खाली एफआयआर व्हायला पोर्टलवरची तक्रार पुरते, की स्वतः जावंच लागतं? आणि जायचं तर घराजवळच्या पोलीस ठाण्यात, की थेट सायबर पोलिसांकडे?