आठवडाभराचं रात्रीचं जेवण: स्वस्त, पौष्टिक आणि तासाभरात होणारं (भुसावळ)

गिलकं_दोडकं
घरात चौघं आहोत, मुलं 8 आणि 13 वर्षांची. घरी यायला साडेसात वाजतात, साडेआठला ताटं वाढायची असतात. भाजी रविवारी एकदाच आणतो. बुधवारपर्यंत पोळी-भाजी-वरण चालतं, पुढे शेवभाजी नाहीतर बाहेरचं पार्सल. तेलही कमी करायचंय. आखणी प्रमाणासकट सांगा. आणखी दोन अडचणी: उन्हाळ्यात मोड आणायला ठेवलेल्या मठाला (मटकीला) वास येतो आणि डुबूक वडे (रश्श्यात सोडून शिजवलेले बेसनाचे गोळे) रश्श्यात विरघळतात.

दादरवाला
भाज्यांची यादी नंतर करा, आधी दळण ठरवा. रात्री भाकर खायची ठरली की निम्मं काम झालं. एका भाकरीला 70-75 ग्रॅम पीठ लागतं, चौघांना सहा भाकरी म्हणजे साधारण 450 ग्रॅम. पाच रात्री भाकर धरली तर सव्वादोन किलो. त्यातलं निम्मं दादरचं (ही आपल्याकडची ज्वारीची जात), निम्मं कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं दळा. कळण्यासाठी 4 वाट्या ज्वारीला 1 वाटी सालासकट काळे उडीद, चमचाभर मेथीदाणे आणि खडेमीठ घालून एकत्र दळून आणा. ज्वारीत जे प्रथिन कमी पडतं ते उडदातून येतं, त्यामुळे कळण्याची भाकर, ठेचा, कांदा आणि वाटीभर ताक एवढंही पुरेसं जेवण होतं.

महिन्याचं दळण एकदम आणू नका. ज्वारीचं पीठ जुनं झालं की कडवट लागतं आणि भाकरीला चिरा पडतात. आठ-दहा दिवसांचंच आणा. पीठ जुनं असेलच तर उकळत्या पाण्यात उकड काढून मळा.

आता वार. पालेभाजी टिकत नाही, म्हणून सोमवारी मेथी, पोकळा किंवा अंबाडी, जे स्वस्त असेल ते. दोन जुड्यांत मूठभर मूगडाळ किंवा तूरडाळ घातली की चौघांना पुरते. मंगळवारी मोडाचे मठ. बुधवारी हिवाळ्यात भरीत, एरवी गिलकी (घोसाळी). गुरुवारी फुनके (वाटलेल्या डाळीचे वाफवलेले मुटके) आणि कढी. शुक्रवारी गंगाफळ (लाल भोपळा), ते कापलं नाही तर महिनाभर हलत नाही. शनिवारी टोपलीत फक्त कांदे उरतात, तेव्हा डुबूक वडे किंवा पातोड्या (रश्श्यातल्या बेसनाच्या वड्या). पार्सल येतं ते याच दिवशी, कारण भाजी संपलेली असते. बेसनाचा डबा भरलेला ठेवा. रविवारी खिचडी.

वाघूरकाठ
मठाच्या वासाचं कारण पाणी. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-44 ला जातो, तेव्हा रात्रभर भिजवून घट्ट पोटली बांधली की आत पाणी राहतं आणि ते आंबतं. सहा तासच भिजवा, चाळणीवर दहा मिनिटं पूर्ण निथळू द्या, मग ओल्या फडक्यात सैल गुंडाळून चाळणीतच ठेवा. मध्ये एकदा धुवा. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात. दिसले की लगेच फ्रीजमध्ये, नाहीतर लांब होऊन कडवट होतात. कोरडे 200 ग्रॅम चौघांना एका वेळेला पुरतात. 300 भिजवले तर उरलेले रविवारच्या खिचडीत जातात.

उसळीवर लिंबू पिळाच. डाळी-पालेभाज्यांतलं लोह आंबटाबरोबर चांगलं अंगी लागतं, आणि जेवल्या जेवल्या चहा घेतला तर तेच कमी होतं.

हिरवी_मिरची
कळणा रात्री मुलांना जड नाही होणार?

दादरवाला
लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना होऊ शकतो. त्यांच्यासाठी उडीद 6 ला 1 करा, आणि झोपायच्या दोन तास आधी जेवा. मेथीदाणे मुलांना कडू लागतात, तेही वगळा.

खापर_आणि_बडगी
डुबूक वड्यांबद्दल. विरघळण्याची कारणं दोनच, पीठ सैल किंवा रस्सा थंड. चौघांना दीड वाटी बेसन घ्या. त्यात तिखट, हळद, ओवा, मीठ आणि चमचाभर तेल. पाणी चमच्याचमच्याने घाला, बोटावरून पडताना गोळा तुटून पडला पाहिजे, धार लागली की बिघडलं. सोडा नको, सोड्याने वडा फुलतो आणि फुटतो.

रस्सा खळखळ उकळत असतानाच लिंबापेक्षा लहान गोळे सोडा. चार-पाच सोडले की थांबा, रस्सा पुन्हा उकळला की पुढचे. एकदम सगळे टाकले की उकळी बसते आणि तळाशी पिठलं होतं. पहिली तीन मिनिटं पळी घालायची नाही. वडे वर आले की मंद आचेवर आणखी दहा मिनिटं. बेसन रस्सा पितं, म्हणून सुरुवातीला पाणी नेहमीपेक्षा दीड पट ठेवा.

तेलाचं: वाटणाला कांदा आणि सुकं खोबरं कोरडंच भाजा, तेल फक्त फोडणीला, चौघांना दोन मोठे चमचे. वाटण परतताना तळाला लागलं की तेल न ओतता पाण्याचा हबका मारा. तर्री कमी दिसेल, चव कमी होत नाही. शेवभाजी बंद करायची गरज नाही, पण शेव पातेल्यात टाकू नका. ताटात वाढताना माणशी मूठभर घाला. पातेल्यात ती रस्सा पिऊन लगदा होते, मग आणखी शेव टाकली जाते आणि तेल तिथूनच वाढतं.

गिलकं_दोडकं
धन्यवाद ताई. फुनके साडेसातनंतर कसे जमवायचे? डाळ सकाळी भिजवली तर आंबते.

खापर_आणि_बडगी
सकाळी भिजवा, पण भांडं फ्रीजमध्ये ठेवा. एक वाटी तूरडाळ, अर्धी वाटी मूगडाळ किंवा चवळीची डाळ. पाणी पूर्ण काढून, लसूण-मिरची-जिऱ्याबरोबर जाडसर वाटा, पाण्याचा थेंब नको. बारीक वाटली तर फुनके गिच्च होतात. अगदी भरड राहिली तर सुटतात, तेव्हा दोन चमचे बेसन घाला. कांदापात किंवा मेथी चिरून मिसळा, मीठ अगदी शेवटी, आधी घातलं तर पाणी सुटतं. मुठीने वळून 15 मिनिटं वाफवा, सुरी कोरडी निघाली की झालं. तेवढ्यात कढी: तीन वाट्या ताकाला दोन चमचे बेसन, पहिली उकळी येईपर्यंत हात थांबवायचा नाही, मीठ गॅस बंद करून. नाहीतर फुटते.

बोदवडकर
भरीताचं कोणी लिहिलंच नाही! जळगावच्या भरीताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तरी बाजारात हिरवं वांगं दिसलं की लोक त्या नावाने काहीही विकतात. आकाराच्या मानाने हलकं वांगं घ्या, जड असेल तर आत बिया असतात. चौघांना किलोभर. काड्यांचा जाळ नसेल तर गॅसवर जाळी ठेवून भाजा, आधी दोन-तीन टोचे मारा, नाहीतर फुटून अंगावर उडतं. बिया काळ्या निघाल्या तर कडू होणारच, ते वांगं बाजूला काढा. कच्चं तेल दोन चमचे आणि भरपूर कांदापात. उन्हाळ्यात भरीताच्या भानगडीत पडू नका, वांगी महागही असतात आणि बेचवही.

वाघूरकाठ
रविवारच्या खिचडीला तांदूळ दोन वाट्या, तूरडाळ एक. डाळ आधी अर्धा तास भिजवा, म्हणजे तांदळाबरोबरच शिजते, कचकच लागत नाही. शेंगदाणे मूठभर. लसणाची फोडणी प्रत्येकाच्या ताटात वरून चमचा-चमचा घाला, सगळ्या खिचडीत तेल ओतायची गरज पडत नाही. भाजलेला पापड किंवा बिबडा (ज्वारीचा पापड) असला की भाजी लागत नाही.