रोजच्या मिठाचा हिशेब कसा ठेवायचा?

प्रश्न (चिमूटभर): रक्तदाब थोडा वाढलाय, डॉक्टर म्हणाले मीठ कमी करा. कमी म्हणजे नेमकं किती? चौघांच्या स्वयंपाकात एकाच्या पोटात किती जातं, हे मोजायचं कसं? आणि सैंधव किंवा 'लो सोडियम' मीठ आणलं तर भागेल का?

तराजू: जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभरही नाही. रोज वजन करत बसू नका. पुडा फोडला की त्यावर तारीख लिहा. चौघांत १ किलो ५० दिवस पुरलं तर माणशी ५ ग्रॅम. ३० दिवसांत संपलं तर ८ च्या वर. पाहुणे आणि ओतून दिलेलं पाणी यांमुळे आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण अंदाज येतो. बाहेरचं आणि पाकिटातलं खाणं यात धरलेलं नाही, म्हणून घरचा आकडा ५ च्या बराच खाली हवा.

लेबलवाचक: पाकिटावर बहुधा मीठ नव्हे, सोडियम लिहिलेलं असतं. त्याला २.५ ने गुणा: ८०० मिग्रॅ सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका सर्व्हिंगचा, तेही बघा. गफलत तिथेच होते. खायचा सोडाही विसरू नका, चमचाभर सोड्यात १२०० मिग्रॅच्या आसपास सोडियम असतं. चव खारट नसते, त्यामुळे कुणी धरतच नाही.

तराजू: सैंधवाने काही साधत नाही, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. वर आयोडीन घातलेलं नसेल तर तेवढं नुकसान. जाडं मीठ चमच्यात कमी मावतं, म्हणून ते 'सौम्य' वाटतं इतकंच.

औषधवाला: लो सोडियम मिठात सोडियमच्या काही भागाऐवजी पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंड धड असेल तर उपयोगी आहे, जरा कडवट लागतं. पण मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा रक्तदाबासाठी रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन असं काही चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. रक्तातलं पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात.

चिमूटभर: टेल्मिसार्टनच चालू आहे. मग ते राहू दे. जेवण अळणी लागणार नाही असं काही?

तराजू: एकदम निम्मं करू नका. दर आठवड्याला थोडं थोडं उतरवा, काही आठवड्यांत जिभेला सवय होते. शिजवताना कमी घालून चिमूटभर वरून भुरभुरलं की जिभेला लगेच लागतं. लिंबू पिळलं तर कमतरता झाकली जाते. आणि जास्त पडलंच, तर बटाटा टाकून खारटपणा जात नाही. तो खारट पाणीच शोषतो, उरलेला रस्सा तेवढाच खारट. पाणी किंवा बिनमिठाचा जिन्नस वाढवा.