यशयाचं पुस्तक : ४०व्या अध्यायानंतर बोलतंय कोण?

खडूफळा
बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात पहिल्याच वचनात उज्जीयापासून हिज्कीयापर्यंत यहूदाच्या चार राजांची नावं आहेत. म्हणजे काळ इ.स.पू. आठवं शतक, शत्रू अश्शूर. ४०व्या अध्यायापासून मात्र यरुशलेम उद्ध्वस्त आहे, लोक बाबेलच्या बंदिवासात आहेत आणि ४४-४५ मध्ये इराणचा राजा कोरेश चक्क नावानिशी येतो. त्याने बाबेल घेतलं इ.स.पू. ५३९ मध्ये. म्हणून बहुतेक अभ्यासक ४० ते ५५ हे अध्याय बंदिवासातल्या एका अनामिक संदेष्ट्याचे मानतात. मला हे पटतं. यात यशयाचा अपमान होतो असं काही जण म्हणतात, ते मात्र अजिबात पटत नाही. देशोधडीला लागलेल्या माणसांसमोर उभं राहून कोणीतरी हे बोललं, म्हणूनच त्यात एवढी धग आहे.

नगरवाला
साफ असहमत. देव पुढचं सांगू शकत नाही हे आधी गृहीत धरायचं आणि मग तेच पुरावा म्हणून पुढे करायचं, ही कसली चिकित्सा? बायबलमध्येच १ राजे १३ मध्ये योशीया राजाचं नावही त्याच्या जन्माआधीच घेतलंय. ४१व्या अध्यायात तर देव मूर्तींना आव्हानच देतो : पुढे काय घडणार ते सांगा, म्हणजे तुम्ही देव आहात हे कळेल. घडून गेल्यावर लिहिलं असेल तर त्या आव्हानात उरलं काय? मृत समुद्राकाठी कुमरानला सापडलेली यशयाची प्राचीन गुंडाळी बघा. सात मीटरहून लांब, मजकुराचे ५४ स्तंभ. ४०वा अध्याय ३२व्या स्तंभाच्या अगदी शेवटच्या ओळीवर सुरू होतो. नवा स्तंभ नाही, नवं नाव नाही. ही एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन प्राध्यापकांची टूम आहे.

खडूफळा
टूम म्हणू नका. बाराव्या शतकात स्पेनच्या इब्न एझ्राने ४०व्या अध्यायावरच्या भाष्यात आडून हेच सुचवलं होतं, आणि तो श्रद्धावान ज्यू होता. जर्मन अभ्यासक बर्नहार्ड डूम यांनी ५६ ते ६६ हे अध्याय आणखी वेगळ्या लेखनाचे म्हणून काढले ते १८९२ मध्ये.

गुंडाळी साधारण इ.स.पू. १२५ ची. तोवर पुस्तक एकसंध झालं होतं, एवढंच तिच्यावरून कळतं. तिच्यातच ३३व्या अध्यायानंतर तीन ओळींची जागा कोरी आहे. तेवढ्यावरून तिथे दुसरा लेखक मानाल का?

कोरेशाचं नाव घटकाभर बाजूला ठेवू. ४० नंतर यरुशलेम पडेल असं सांगितलेलं नाही, ते पडलेलंच आहे. भाकीत आहे ते सुटकेचं, आणि ते खरंखुरं भाकीत आहे! ४६-४७ वाचा : बेल आणि नबो या बाबेलच्या देवांच्या मूर्ती जनावरांवर लादून चालल्या आहेत, बाबेल धुळीत बसली आहे. कोरेशाचा मातीचा दंडगोल १८७९ मध्ये बाबेलमध्येच सापडला, आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावर लिहिलंय की तो लढाईशिवाय शहरात शिरला आणि मार्दुकाची, म्हणजे याच बेलची, पूजा रोज करत राहिला. हे घडून गेल्यावर लिहायला बसलेल्या माणसाने मूर्तींची अशी धिंड काढली नसती. तेव्हा हे बोलणं ५३९ च्या आधीचं, कोरेशाचा दबदबा वाढत असतानाचं. तुमचं ४१व्या अध्यायातलं आव्हान शाबूत राहतं.

रेवदंडा
आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. यरुशलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस, ज्याला आमची जुनी माणसं बिरड्याचा सण म्हणत, तो झाला की लगेचच्या शब्बाथला (शनिवारी) सिनेगॉगमध्ये यशयाचा ४०वा अध्याय वाचतात. तिथपासून सात आठवडे सांत्वनाचे भाग, सगळे याच उत्तरार्धातले. तुम्ही दोघंही फक्त लेखक शोधताय. ३९व्या अध्यायाच्या शेवटी हिज्कीयाला सांगितलं जातं की तुझा खजिना बाबेलला जाईल, आणि लगेच पुढे ‘सांत्वन करा’. ही जोडणी कोणीतरी जाणूनबुजून केली आहे. ‘इस्राएलाचा पवित्र’ हे देवाचं बिरुद दोन्ही भागांत प्रत्येकी डझनभर वेळा येतं, बाकीच्या शास्त्रात अगदी क्वचित. कापून वाचलं की हे सगळं निसटतं.

नगरवाला
रेवदंडा, त्या बिरुदाचा अर्थ मी सरळ एकच लेखक असा घेतो. खडूफळा, ४६-४७ चा मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण माझा मूळ आक्षेप कायम. ओबद्याचं पुस्तक अवघं २१ वचनांचं, तरी त्याचं नाव जपलं गेलं. आमोसाचं, मीखाचं जपलं गेलं. मग सगळ्यांत थोर म्हणावा अशा संदेष्ट्याचं नाव त्याच लोकांनी कसं हरवू दिलं?