सोप्यातल्या बुजवलेल्या कोनाड्यात सापडलेला, सहाही बाजूंनी खळगे असलेला धातूचा ठोकळा कशाचा असावा?

शुक्रवारपेठकर (प्रश्न)

नमस्कार.

कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आमचे पणजोबांच्या काळापासूनचे घर आहे. यंदा सोप्याच्या, म्हणजे पुढच्या बैठकीच्या जागेच्या, भिंतीला ओल आली म्हणून गिलावा काढला, तेव्हा रस्त्याकडच्या खिडकीलगत विटांनी बुजवलेला एक कोनाडा उघडा पडला आणि त्यात गोणपाटात गुंडाळलेला धातूचा एक ठोकळा मिळाला. लांबी, रुंदी आणि उंची सारखीच, म्हणजे प्रत्येकी 5.2 सेंटीमीटर आहे. स्वयंपाकघरातील काट्यावर वजन 1,170 ग्रॅम भरले. लोहचुंबक चिकटत नाही. रंग पिवळसर तपकिरी असून सहाही बाजूंना खळगे आहेत. दोन बाजूंना लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने अर्धगोल वाट्या आहेत. उरलेल्या चार बाजूंना आकृत्या कोरलेल्या असून त्यांपैकी मासा, बेलाचे पान आणि चंद्रकोर मला स्पष्ट ओळखू येतात. मासा सव्वा सेंटीमीटरही भरणार नाही, तरी त्याचे खवले मोजता येतात.

घरात प्रत्येकाचे मत वेगळे आहे. वडिलांच्या मते हा वैद्याचा गोळ्या पाडण्याचा साचा आहे, धाकट्या काकांना तो बंदुकीच्या गोळ्या ओतण्याचा वाटतो, तर आईच्या मते मिठाईचा. एक चूक आधीच कबूल करतो. उत्साहाच्या भरात मी ठोकळ्याची एक बाजू चिंच आणि मिठाने घासून लख्ख केली आहे.

पंचगंगाकाठ

आपण दिलेले वजन वाचून मला एक शंका आली. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा धरला, तर 100 तोळे म्हणजे 1,166 ग्रॅम होतात. आपला ठोकळा 1,170 भरतो आणि घरगुती काट्यावर चार ग्रॅमचा फरक सहज पडू शकतो. हे एखाद्या पेढीवरचे वजन तर नसेल? खळगे हे वजन बरोबर जुळवण्यासाठी धातू कोरून काढल्याच्या खुणा असू शकतील.

ठसेकरी

नमस्कार. आमच्या घराण्यात तीन पिढ्या गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, सोनारकाम झाले. मी स्वतः तो व्यवसाय केला नाही, पण लहानपण वडिलांच्या बागेसरीशेजारी, म्हणजे सोनाराच्या शेगडीशेजारी, बसून गेले. आपला ठोकळा म्हणजे दागिन्याचे पत्रे उठवण्याचा ठसा आहे. मात्र मी सांगतो म्हणून ते मान्य करू नये. ज्या खुणांवरून हे ठरते त्या आपण स्वतः तपासून पाहाव्यात.

आधी वजनाविषयी. जुन्या मापात 80 तोळ्यांचा शेर, 40 चा अच्छेर आणि 20 चा पावशेर. या चढणीत 100 तोळ्यांना जागाच नाही. शिवाय वजन जुळवायचे असते तेव्हा बुडाशी एखादे छिद्र पाडून त्यात शिसे भरतात किंवा थोडा धातू खरवडतात. त्यासाठी माशाचे खवले कोरत बसणारा पेढीवाला अजून जन्मायचा आहे. आकडा जुळला की आपण बाकीचे पाहणे सोडून देतो, म्हणून असा आकडा फसवा ठरतो.

बंदुकीच्या गोळीचा साचा दोन अर्ध्या भागांचा असतो, ते बिजागरीने जोडलेले असतात आणि वरून शिसे ओतायला तोंड ठेवलेले असते. आपल्या ठोकळ्यात काही ओतले तर अर्धीच गोळी मिळेल. मिठाईचे साचे बहुधा लाकडी असतात, आणि सव्वा सेंटीमीटरच्या माशाची मिठाई कोणाच्या पानात वाढणार? वैद्याच्या गोळीला खवल्यांची गरज नसते.

आता ठशाचे काम कसे चालते ते सांगतो. सोन्याचा किंवा चांदीचा पत्रा ठोकून पातळ करतात, तापवून मऊ करतात आणि खळग्यावर ठेवतात. त्यावर शिशाचा तुकडा ठेवून हातोडीचे घाव घातले की शिसे पत्र्याला खळग्याच्या कानाकोपऱ्यांत दाबते. लोखंडाने थेट ठोकले तर पातळ पत्रा फाटतो. शिसे मऊ असल्यामुळे ते स्वतः आकार घेते आणि पत्र्यालाही घ्यायला लावते. उठलेला पत्रा काढून कडा कातरतात, पाठीमागच्या पोकळीत लाख भरतात आणि पाठ बंद करतात. कोल्हापुरी साजाची पाने अशीच होतात, म्हणून साज दिसतो भरीव आणि गळ्यात वाटतो हलका. साजात परंपरेने 21 पाने मानतात आणि त्यांत चंद्र, कमळ, मासा, बेलपान, शंख, कासव, भुंगा हे आकार येतात. आपण ओळखलेले तिन्ही आकार त्यांतलेच आहेत. अर्धगोल वाट्यांतून मण्यांच्या अर्ध्या वाट्या निघतात. दोन वाट्या तोंडाला तोंड लावून डाग दिला, म्हणजे धातू वितळवून सांधल्या, की पोकळ मणी तयार होतो. बोरमाळेचे मणी याच जातीचे.

आपण तीन गोष्टी पाहाव्यात, अशी विनंती आहे. पहिली म्हणजे खळग्यांच्या कडा. सर्वाधिक चालणाऱ्या आकाराची कड घासून गोलसर होते आणि क्वचित वापरलेला आकार धारदार राहतो; शोभेच्या वस्तूत असा फरक पडत नाही. दुसरी म्हणजे खळग्यांच्या तळाशी करडा थर आहे का; शिशाचा तुकडा कागदावर ओढला तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते. तिसरी, कोनाड्यात आणखी काय होते? ठसा एकटा नांदत नाही. शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, आणि उरलेल्या पाच बाजूंना कृपया चिंच लावू नये.

माळावरचा

वरील उत्तर मला पटते, तरी केवळ आकारावरून निष्कर्ष काढण्याविषयी थोडे सांगावेसे वाटते. युरोपच्या उत्तर भागात रोमन काळातील, बारा पंचकोनी बाजूंच्या, प्रत्येक बाजूस भोक आणि प्रत्येक कोपऱ्यावर गोळी असलेल्या पोकळ कांस्य वस्तू सापडतात. पहिलीची नोंद इंग्लंडमध्ये 1739 साली झाली आणि आजवर शंभराहून अधिक मिळाल्या. मेणबत्ती लावण्याचे घर, अंतर मोजण्याचे साधन, हातमोजे विणण्याचा साचा, धार्मिक वस्तू असे अनेक तर्क झाले. परंतु रोमन लिखाणात त्यांचा कोठेही उल्लेख नसल्याने एकही तर्क सिद्ध झालेला नाही. अनेक वस्तूंवर झिजेच्या खुणा फारशा नाहीत, ही त्यातील मोठी अडचण आहे. आपल्या ठोकळ्याचे तसे नाही, कारण तो वापरणारे हात अजून गावात आहेत.

दुसरे उदाहरण आपल्या गावचेच आहे. टाउन हॉलच्या संग्रहालयात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची लहानशी कांस्यमूर्ती आहे. ती पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर मिळाली हे ठाऊक आहे, म्हणून सातवाहनकाळातील सागरी व्यापाराशी तिचा संबंध लावता येतो. तीच मूर्ती मोडीच्या दुकानात मिळाली असती, तर कोणा हौशी माणसाने परदेशातून आणलेली शोभेची बाहुली म्हणून तिची बोळवण झाली असती. म्हणून कोनाड्याचे मोजमाप, छायाचित्र आणि ठोकळा ज्या गोणपाटात होता तो गोणपाट, हे सर्व जपून ठेवावे.

धातू कोणता हेही घरच्या घरी अजमावता येईल. काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्य करावा आणि ठोकळा दोऱ्याने बांधून, तळाला टेकू न देता, पूर्ण बुडवावा. काटा दाखवील तितके ग्रॅम म्हणजे ठोकळ्याचे घनफळ तितके घन सेंटीमीटर. खळग्यांत अडकलेले हवेचे बुडबुडे मात्र ठोकळा हलवून बाहेर काढावे लागतील, नाहीतर उत्तर चुकते.

शुक्रवारपेठकर

सर्वांचा आभारी आहे. काल रात्री जेवणे आटोपल्यावर घरातील सर्वजण काट्याभोवती जमले होते.

पाण्यात बुडवल्यावर काट्याने प्रथम 139 दाखवले. वाट्यांत बुडबुडे होतेच; ठोकळा तीन-चार वेळा उलटसुलट हलवल्यावर आकडा 134 वर स्थिर झाला. 1,170 ला 134 ने भागले असता सुमारे 8.7 येते. लोखंडाला 7.9 आणि शिशाला 11.3 यायला हवे होते, तेव्हा ती दोन्ही बाद झाली. पितळ साधारणपणे 8.4 ते 8.7 आणि कासे 8.7 ते 8.9 असल्याने ठोकळा नेमका दोहोंच्या सीमेवर बसतो, आणि माझ्या काट्याकडून याहून अधिक अपेक्षा करणे बरे नव्हे.

भिंगाखाली माशाच्या पाठीवरचे खवले पुसट आणि कड गोलसर दिसते. चंद्रकोरीचीही तीच स्थिती आहे. त्याच बाजूचा एक आकार, जो मला आता भुंगा वाटतो, इतका धारदार आहे की त्यावर बोट फिरवले तर ते खरचटेल. साजाच्या इतर पानांपेक्षा भुंग्याला मागणी कमी होती, की हा आकार मागाहून कोरला, हे कोणी सांगू शकेल का?

आता मुख्य गोष्ट. कोनाड्यात आणखी काय होते, हे वाचून मला ओशाळल्यासारखे झाले. गोणपाटात एक जाड लोखंडी पट्टीही होती. तिला ओळीने बारीक होत जाणारी भोके असल्यामुळे ती मी मोडकी किसणी समजून भंगाराच्या डब्यात टाकली होती. ती काढून पाहिली, तर पट्टी सहा मिलिमीटर जाड असून भोके एका अंगाला रुंद आणि दुसऱ्या अंगाला अरुंद आहेत. शेवटच्या ओळीतून तर केसच जाईल. डब्याच्या तळाशी मातीने माखलेला एक जड, काळपट तुकडाही होता, जो गवंड्याने दगड म्हणून बाजूला काढला होता. तो कागदावर ओढला, तर करडी रेघ उमटली. एक अंग ठोकून सपाट झालेले आहे आणि दुसऱ्या अंगावर सव्वा सेंटीमीटरपेक्षा थोडा लहान मासा उठून दिसतो. तो ठोकळ्यातल्या माशावर ठेवला, तर फट न राहता बसला.

ठसेकरी

ती पट्टी म्हणजे जंतर. तारेला मेण लावून, टोक निमुळते करून ते रुंद अंगाने घालतात आणि पलीकडून सांडशीने ओढतात. एकेका भोकातून ओढत गेले की तार बारीक होत जाते. साजाची पाने आणि मणी ओवायला आणि कड्या करायला तार लागतेच, त्यामुळे ठसा आणि जंतर एकाच गोणपाटात असणे स्वाभाविक आहे. भुंग्याविषयी: नंतर कोरलेल्या आकाराच्या आत छिन्नीच्या बारीक रेघा दिसतात, तर ठोकळ्यासोबत ओतून घेतलेल्या आकारात पृष्ठभाग किंचित रवाळ असतो. भिंग पुन्हा काढावे लागेल. आणि कोनाडा रस्त्याकडच्या खिडकीलगतच होता ना? सोनार उजेडासाठी खिडकीशी बसतो, तेव्हा त्या खिडकीखालची फरशी बागेसरीच्या धगीने जरा खचलेली किंवा काळवंडलेली आहे का, तेही पाहावे.

शुक्रवारपेठकर

भुंग्याच्या आत रेघा आहेत. फरशी गेल्या वर्षीच बदलली. पण आत्याला फोन केला, तर ती म्हणाली की तिच्या लहानपणी खिडकीखाली हातभर रुंदीचा काळा डाग होता आणि आजी तेथे कोणाला जेवायला बसू देत नसे.