मिस्सेच्या अंधारात फोटो का हलतात? फ्लॅश नको, आयएसओ वाढवा

खानापूरकर
नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेचे (चर्चमधल्या प्रार्थनाविधीचे) फोटो हलले की खापर कॅमेऱ्यावर फुटतं. माझ्या मते दोष आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवण्याच्या भीतीचा आहे. ८०० वर अडून बसलं की शटर सेकंदाच्या १/२० भागाइतकं मंद होतं आणि फादरांनी हात उचलला की बोटं पुसली जातात. मॅन्युअल मोड, शटर १/१२५, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र; एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त) एफ २, आयएसओ ३२०० ते ६४००, एवढं धरा. कॅमेऱ्यासोबतची १८-५५ लेन्स पूर्ण झूम करून ५५ वर नेली की एफ ५.६ च देते. ५० एमएम एफ १.८ ची साधी लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. नवा कॅमेरा घेण्याआधी ती घ्या. फ्लॅश बॅगेतच राहू दे. अर्पणविधी चालू असताना डोळ्यांवर लखकन उजेड मारणं हा प्रार्थनेला बसलेल्यांवर अन्याय आहे.

शहापूरवाला
फ्लॅशचं पटलं. पण ६४०० काय म्हणून? सावळ्या चेहऱ्यांच्या सावलीत लाल-हिरवे दाणे येतात, कातडीचा पोत जातो. मिस्सेत सगळं सारखं हलत नाही की! बायबल वाचणारा पानाच्या शेवटी थांबतो, प्रार्थनेत माणसं मान खाली घालून स्थिर असतात. तेव्हा मोनोपॉडवर (एका पायाच्या स्टँडवर) १/३०, आयएसओ १६००, पाच-सहा फोटो सलग. त्यातला एक तरी धारदार निघतो.

खानापूरकर
मोनोपॉड आपला हात थांबवतो, समोरच्याचा नाही. कम्युनियनची (प्रसाद घ्यायची) रांग १/३० वर हमखास पुसट येते. आणि ते रंगीत दाणे बहुतेक वेळा कमी उजेडात काढलेला फोटो नंतर संगणकावर उजळल्याने येतात. ६४०० वर पुरेसा उजेड देऊन काढलेला २४ मेगापिक्सेलचा फोटो ८ बाय १२ इंचावर छापून बघा की, दाणा शोधावा लागेल.

कॅम्पातला
अहो, फ्लॅश म्हणजे थेट तोंडावरच असं दोघांनीही धरलंय. खेड्यातल्या चॅपेलला सपाट, पांढरं, बुटकं छत असेल तर फ्लॅशचं डोकं वर वळवा, ताकद १/१६, आयएसओ १६००, एफ २.८. उजेड मऊ पडतो, चेहरे स्पष्ट येतात. फादरांची परवानगी मात्र आधी घ्यायची.

शहापूरवाला
आणि बेळगावच्या सेंट मेरीसारख्या गॉथिक धाटणीच्या दगडी चर्चमध्ये? त्या उंच, निमुळत्या छतापर्यंत गेलेला उजेड परत येतच नाही. बॅटरी मात्र संपते.

चिकोडीकर
आधी बिघाड ओळखा, मग भांडा. सगळा फोटो एकाच दिशेने ओढल्यासारखा दिसला तर आपला हात हलला. बाकं स्पष्ट आणि हात पुसट, तर शटर मंद. मागची मेणबत्ती स्पष्ट आणि चेहरा धूसर, तर फोकस चुकला. याला शटर किंवा आयएसओ काहीच करू शकत नाही. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ५० एमएम, एफ १.८, अंतर तीन मीटर असेल तर धारदार पट्टा जेमतेम ४० सेंटिमीटरचा. एकच फोकस बिंदू ठेवा, तो गालाच्या गुळगुळीत भागावर न ठेवता डोळ्यावर किंवा चष्म्याच्या कडेवर धरा.

खानापूरकर, तुमच्या १/१२५ ला माझा विरोध आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब आणि हलक्या प्रतीचे एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. १/१२५ वर एक फोटो पिवळट, दुसरा काळपट येतो. सायलेंट शटर असेल तर आडवे पट्टेही. १/१०० ठेवा, म्हणजे प्रत्येक फोटोत एक अख्खी लुकलुक येते. फोटो रॉमध्ये (रंग नंतर सुधारता येणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, कारण फादरांच्या पांढऱ्या झग्यावर ट्यूब आणि मेणबत्ती असे दोन रंग एकदम पडतात. आणि उजेडाचं माप कॅमेऱ्याच्या मीटरवर सोडू नका: काळोखी पार्श्वभूमी पाहून तो फोटो उजळवतो, झग्याच्या चुण्या उडून जातात.

खानापूरकर
१/१०० मान्य. त्याने थोडा उजेडही जास्त मिळतो.

शहापूरवाला
मग ईस्टरच्या आदल्या रात्री दिवे मालवल्यावर काय कराल? तिथे तुमचे ६४०० सुद्धा अपुरे पडतील.

चिकोडीकर
वेदीकडे अपुरेच. पण ज्याच्या हातात मेणबत्ती आहे त्याचा चेहरा ज्योतीपासून हातभर अंतरावरच असतो. तिथे एफ १.८, १/६०, ६४०० पुरतात. ज्योत चेहऱ्याच्या खाली येऊ द्या, फोकस पापणीवर.