मदत हवी आहे: फ्रेडरिक कॅरिंग्टन आणि न्यू प्लिमथ

नमस्कार मंडळी. न्यूझीलंडमधल्या न्यू प्लिमथ शहराची १८४१ मध्ये आखणी करणारे सर्वेक्षक फ्रेडरिक कॅरिंग्टन यांच्यावर मराठीत लेख लिहितेय. पुढे १८६९ ते १८७६ ते तारानाकी प्रांताचे सुपरिटेंडंट होते. या पदावर लोकांकडून निवडून यावं लागायचं, म्हणून ‘अधीक्षक’ मला पटत नाही; तो सरकारी नोकर वाटतो. ‘प्रांतप्रमुख’ चालेल का?

दुसरं जास्त महत्त्वाचं. ज्या जमिनीवर कॅरिंग्टन यांनी मोजणीच्या साखळ्या टाकल्या ती ‘ते आतिआवा’ या माओरी (न्यूझीलंडचे मूळ रहिवासी) जमातीची. त्यांतले बरेच जण तेव्हा दक्षिणेकडे गेलेले होते, परत आल्यावर त्यांनी हक्क सांगितला. त्यांची बाजू त्यांच्याच शब्दांत कुठे वाचायला मिळेल? त्याशिवाय लेख पुरा करायला मन धजत नाही.