फॅटी लिव्हरसाठी हळदीच्या कॅप्सूल आणि लिव्हर सिरप: वडिलांना देऊ का?

विश्रामबागवाला
नमस्कार मंडळी. अण्णांची, वय ६१, शुगरची गोळी चालू आहे, मागच्या महिन्यात मिरजेत सोनोग्राफी केली त्यात ग्रेड टू फॅटी लिव्हर (लिव्हरमध्ये मध्यम चरबी) आलं, एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढतं ते, ८४. डॉक्टर म्हणाले वजन उतरवा, तीन महिन्यांनी परत रिपोर्ट बघू, लिव्हरची गोळी काही लिहून दिली नाही. आता अण्णांचं म्हणणं असं की गोळी दिली नाही म्हणजे डॉक्टरला काही कळलंच नाही. तेवढ्यात मार्केट यार्डातल्या त्यांच्या एका मित्राने, चेन मार्केटिंगवाले आहेत, एक डबा आणून दिला. त्यावर लिहिलंय हळदीचा अर्क ५०० मिलिग्रॅम, ९५ टक्के कर्क्युमिन (हळदीतला मुख्य घटक), सोबत पिपरिन, आणि जोडीला लिव्हर डिटॉक्स सिरप ज्यात कुटकी, भुईआवळा, पुनर्नवा, गुळवेल असं बरंच काय काय आहे. किंमत ऐकून आईने कपाळाला हात लावला ते वेगळंच. अण्णा म्हणजे हरिपूरच्या पेवांपासून, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांपासून, हळद बघितलेला माणूस, सगळी हयात सौद्यात गेली, त्यामुळे हळदीनं कधी कुणाचं वाईट झालंय का, जीआय मानांकन काय उगाच मिळालं का सांगलीच्या हळदीला, हे रोज ऐकतोय. मलापण वाटतं आयुर्वेदिक आहे तर साईड इफेक्ट काय असणार. कुणी वापरलंय का?

कृष्णाकाठ
बिनधास्त द्या ओ. आमच्या मेव्हण्याला कावीळ झालेली तेव्हा भुईआवळ्याचा रस दिला अनशापोटी, पंधरा-वीस दिवसात डोळे पांढरे. डॉक्टर लोकांना हे नकोच असतंय.

मेडिकलवाला_सातारा
कृष्णाकाठ भाऊ, पाण्यातून होणारी कावीळ म्हणजे हिपॅटायटिस ए नाहीतर ई, ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच उतरते, त्या काळात जे घेतलं त्याला श्रेय मिळतं. फॅटी लिव्हर वेगळी गोष्ट.
आता हळद. भाजीतली हळद आणि ही कॅप्सूल यात लय फरक आहे. हळदीत कर्क्युमिन साधारण २ ते ५ टक्के, माणशी पाव चमचा धरला तरी पोटात जातं ते वीस-पंचवीस मिलिग्रॅम, आणि त्यातलंही अंगाला फारसं लागत नाही, तसंच बाहेर पडतं. कॅप्सूलमध्ये पावणेपाचशे, वर मिऱ्यातलं पिपरिन. १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्सच्या लोकांनी दाखवलेलं की पिपरिन दिलं की माणसाच्या रक्तात कर्क्युमिन वीस पटीनं जास्त जातं. कंपन्या हेच छापून विकतात, पण वीस पटीनं जे जातंय ते लिव्हरलाच निस्तरावं लागतं ना. अमेरिकेत २०२२ मध्ये हळदीच्या सप्लिमेंटने लिव्हरला सूज आलेल्या दहा केसेस छापून आल्या, पाच ऍडमिट, एक दगावला. आणि गुळवेल म्हणाल तर कोरोनाच्या काळात काढे पिऊन लिव्हर बिघडलेले सहा पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ ला मांडले, आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद झाला, पण म्हणून डोळे झाकून घ्यावं असं नाही. सगळ्यांना होतं असं मुळीच नाही, फार थोड्यांना होतं. फक्त आधीच एसजीपीटी वाढलेलं असताना तो जुगार कशाला. माझ्या काउंटरला असले डबे विकले जातात, धंद्याच्या विरोधात बोलतोय हे माहिती आहे.

सांगलीची_सूनबाई
आमच्या सासूबाईंनी गुडघ्यासाठी हळदीच्या कॅप्सूल चालू केलेल्या, टीव्हीवर बघून, घरात कुणाला न सांगता. आधी नुसती जेवणावरची वासना गेली, भडंगाची बशी पुढं ठेवली तरी तोंड फिरवायच्या, आम्हाला वाटलं उन्हाळा आहे. मग अंगाला खाज, आणि लघवी कोऱ्या चहासारखी, ते त्यांनी आठवडाभर लपवून ठेवलं. एसजीपीटी हजाराच्या पुढं. कावीळ बी, सी सगळं निगेटिव्ह आलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं अजून काय घेता, तेव्हा कुठं उशाखालून बाटली निघाली. बंद केल्यावर हळूहळू उतरलं, पण दोन-अडीच महिने गेले.

वैद्य_वाई
आयुर्वेदाच्या नावावर बिल फाडायच्या आधी एक सांगतो. कुटकी, भुईआवळा आम्हीही देतो, यकृतासाठीच देतो. पण पेशंट समोर बसवून, कोठा बघून, मात्रा ठरवून. कुटकी रेचक आहे, नाजूक कोठ्याच्या माणसाला दिवसभर परसाकडला पळवेल. पुनर्नवेनं लघवी वाढते. शुगरच्या गोळीबरोबर यातलं काही घेताना साखर जास्तच उतरते का ते बघावं लागतं. चार वनस्पती बघून पाचवी-सहावी उगाच घालायची आणि डिटॉक्स छापायचं, ही चिकित्सा नव्हे. आणि डबा उलटा करून बघा, फक्त एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर असेल तर ते अन्न म्हणून विकतायत, औषध म्हणून नाही. आयुर्वेदिक औषधाला उत्पादनाचा लायसन नंबर वेगळा असतो.

विश्रामबागवाला
बघितलं. कॅप्सूलवर फक्त चौदा आकडीच आहे 😐 वैद्यजी आणि मेडिकलवाले, आता खरी गंमत ऐका, आईनं आत्ता सांगितलं की अण्णा गेले काही दिवस दोन्ही घेतायत. मी इथं विचारत बसलोय आणि अर्धी बाटली संपलेली. त्रास काही नाही म्हणतात. मग काय करू?

मेडिकलवाला_सातारा
आजपासून बंद. तीन महिने थांबू नका, एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, आत्ताच करून घ्या, बिलिरुबिनसकट (कावीळ त्यावरून कळते). डॉक्टरांकडे डबा आणि बाटली हातात घेऊन जा, नुसतं आयुर्वेदिक काहीतरी घेत होते असं सांगून काही होत नाही. हिपॅटायटिस बी, सी झालं नसेल तर तेही करा. शुगरची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.
बाकी गोळी दिली नाही हीच तर ट्रीटमेंट आहे ओ. वजन किती अण्णांचं? समजा ८६ असेल तर चार-साडेचार किलो उतरलं तरी चरबी कमी व्हायला लागते, सात ते दहा टक्के उतरलं तर सूजही कमी होते. आमच्या इथं पहाटे अजिंक्यतारा चढणारे साठी उलटलेले ढिगाने आहेत, तुमच्याकडं आमराई आहे की.

विश्रामबागवाला
८८. आणि यार्डात दिवसाला सात-आठ साखरेचे चहा, खारी बुडवून. आमराईला जातात ते बाकावर बसून गप्पा मारायला.

कृष्णाकाठ
मी रस म्हणालो होतो, कॅप्सूल नाही, एवढं लक्षात घ्या.

विश्रामबागवाला
लक्षात आहे भाऊ 🙏 लॅबवाला उद्या सकाळी घरी येतोय. उपाशीपोटी लागतं का एलएफटीला?

मेडिकलवाला_सातारा
एलएफटीला तसं लागत नाही, पण शुगर त्यातच करून घ्या, म्हणजे उपाशीच ठेवा. चहापण नाही हे अण्णांना रात्रीच सांगा.